हात, डोकं आणि मधला पूल : धंदेशिक्षणातून विद्यापीठात येणाऱ्यांच्या थकव्याचा इतिहास

शीर्षक थोडं लांबलंय, म्हणून आधी ते सोपं करून सांगतो. आयटीआय, पॉलिटेक्निक, एमसीव्हीसी अशा वाटेने काही मुलं-मुली पदवीच्या वर्गात येतात. त्यांतली बरीच पहिल्या वर्ष-दीड वर्षात इतकी थकतात, की अभ्यासावरचं मन उडतं. काही जण सोडून जातात. हा थकवा येतो कुठून, हे आज इतिहासाच्या अंगाने पाहायचं आहे. मी तत्त्वज्ञानाचा शिक्षक. इतिहासकार नाही, मानसोपचारतज्ज्ञ तर नाहीच. तरी हा विषय घेतला त्याला एक निमित्त आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या बी.ए.च्या वर्गात एक मुलगा होता. आयटीआयमधून फिटर झालेला, एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करणारा. हुशार होता. दुसऱ्या वर्षाला असताना तो यायचा बंद झाला. पुढे दहाएक वर्षांनी एसटी स्टँडवर अचानक भेटला. मी विचारलं, "अरे, का सोडलंस? काम झेपेना का?" तो म्हणाला, "कामाने कधी दमलो नाही, सर. वर्गात बसून दमायचो."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. आठ तास कानस मारणारा माणूस दमत नाही आणि पंख्याखाली बाकावर बसून दमतो, हे काय आहे?

आता 'बर्नआउट' हा शब्द आपण सगळेच वापरतो. तो फार जुना नाही. १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर या न्यूयॉर्कमधल्या मानसशास्त्रज्ञाने त्यावर एक लेख लिहिला. हा माणूस दिवसा स्वतःची प्रॅक्टिस करायचा आणि रात्री एका मोफत दवाखान्यात काम करायचा. तिथले तळमळीने काम करणारे कार्यकर्ते हळूहळू आतून विझत जातात, हे त्याने पाहिलं आणि स्वतःही अनुभवलं. पुढे क्रिस्टिना मास्लाक या संशोधिकेने सुसान जॅक्सनबरोबर १९८१ मध्ये हे मोजण्याची एक प्रश्नावली केली. तिच्यात तीन गोष्टी आहेत. पहिली, शीण. दुसरी, ज्यांच्यासाठी काम करायचं त्या माणसांपासून मनाने तुटणं. आणि तिसरी, आपल्याच्याने काही होत नाही ही भावना. २००२ मध्ये शाउफेली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हीच प्रश्नावली विद्यार्थ्यांसाठी बेतली. तिथे शीण तसाच राहिला, माणसांपासून तुटण्याच्या जागी अभ्यासाबद्दलची तुच्छता आली, म्हणजे 'काय उपयोग आहे याचा!' असं वाटणं, आणि तिसरी गोष्ट पुन्हा तीच, की मला जमत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या रोगवर्गीकरणात बर्नआउटची नोंद घेतली, पण तो आजार आहे असं म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणच्या, दीर्घकाळ हाताळल्या न गेलेल्या ताणातून होणारी ती अवस्था आहे, असं म्हटलं. माझ्या मते ही भूमिका शहाणपणाची आहे, कारण तिच्यामुळे नजर माणसावरून त्या ठिकाणाकडे वळते. आज आपल्याला तेच करायचं आहे. मुलाच्या मनात काय बिघडलं, हे विचारण्याआधी तो ज्या ठिकाणी येऊन बसला ते कसं उभं राहिलं, हे पाहू.

त्यासाठी थोडं मागे जाऊ. इंग्रज येण्याआधी आपल्याकडे कसब घरातच शिकलं जायचं. सुताराचा मुलगा बापाच्या शेजारी बसून रंधा धरायला शिकायचा, कुंभाराचा मुलगा चाकाशी. यात लिहिलेलं काही नव्हतं, पण ज्ञान होतं. आणि हाताने काम करणारा माणूस विचार करत नाही, असंही कोणाला म्हणता येणार नाही. गोरोबा कुंभार होते, सावतोबा माळी होते, नरहरी सोनार होते. पण म्हणून तो काळ फार छान होता, असं कृपा करून समजू नका. धंदा जन्माने ठरायचा, आणि पोथीचं ज्ञान ज्यांच्या हातात होतं ते त्यांच्याच हातात राहायचं. हात आणि डोकं यांच्यातली भिंत इंग्रजांनी बांधली नाही. ती जातीने आधीच बांधलेली होती. इंग्रजी राज्याने त्या भिंतीला परीक्षा आणि प्रमाणपत्र यांचा नवा गिलावा दिला.

१८५४ हे वर्ष लक्षात ठेवा. या वर्षी वूडचा खलिता आला, आणि त्यातून १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे विद्यापीठं निघाली. लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावरची. म्हणजे काय, तर विद्यापीठाचं काम शिकवणं नाही, परीक्षा घेणं आणि पदवी देणं. शिकवणं कॉलेजांनी करायचं. लक्षात घ्या, आपल्याकडे विद्यापीठ जन्मालाच आलं ते परीक्षक म्हणून. आणि परीक्षा कसली? लिहायची. तीही इंग्रजीत.

त्याच १८५४ मध्ये पुण्यात 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' सुरू झालं. रस्ते, कालवे, पूल, इमारती यांच्या कामांवर हाताखालची माणसं हवी होती, ती तयार करायला. आज आपण ज्याला सीओईपी म्हणतो, त्याचं हे मूळ. ही शाळा पुढे विद्यापीठाशी जोडली गेली, तिचं कॉलेज झालं, तिथून पदवीधर इंजिनिअर बाहेर पडू लागले. यात वाईट काही नाही. पण काय घडलं पाहा. प्रतिष्ठा वाढवायची तर वर्कशॉपकडून वहीकडे जायचं, हा धडा संस्थांनी त्या काळातच गिरवला. आजही एखादी संस्था 'वर गेली' असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा याच दिशेने गेलेली असते.

मुंबईत गिरण्या वाढल्या तशी कसबी माणसांची गरज वाढली. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघालं, म्हणजे आपलं व्हीजेटीआय. बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या पाठिंब्याने त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं. दादासाहेब फाळके तिथे शिकले. हे प्रयत्न मोठे होते. पण ते विद्यापीठाच्या बाहेरचे होते.

मधे १८८२ साली हंटर कमिशन बसलं. त्याने शिफारस केली, की हायस्कूलच्या वरच्या वर्गांत दोन वाटा कराव्यात. एक विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेकडे जाणारी आणि दुसरी व्यवहाराची, व्यापार-उद्योगाकडे जाणारी. वरवर पाहता सूचना समंजस वाटते. पण ज्या समाजात सरकारी नोकरी पहिल्या वाटेनेच मिळते, तिथे दुसऱ्या वाटेला कोण जाणार? ज्याला पहिली परवडत नाही तो. आपल्याकडे 'दहावीला कमी मार्क पडले, आता आयटीआयला टाका' असं घराघरात म्हणतात. त्या वाक्याची पाळंमुळं इथपर्यंत जातात.

याच कमिशनपुढे महात्मा जोतीराव फुले यांनी आपलं निवेदन दिलं. त्यात त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपालिटीचे सभासद अशी करून दिली आहे. हाताने काम करणाऱ्यांच्या वतीने बोलणारा माणूस स्वतःचा धंदा आधी सांगतो, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. त्यांचं म्हणणं असं, की शेतकऱ्या-कष्टकऱ्यांच्या करातून पैसा गोळा होतो आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. निदान बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण सक्तीचं करा, असं त्यांनी मागितलं. आणि त्या शिक्षणात मोडी, बाळबोध, हिशेब यांबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञानही असावं, असं सुचवलं. म्हणजे त्यांना दोन वाटा नको होत्या. एकाच मुलाला अक्षरही यावं आणि शेतीही कळावी, असं ते मांडत होते.

आता एकदम १९३७ सालावर येतो, कारण या वर्षी एकाच प्रश्नाला दोन उलटी उत्तरं दिली गेली. पहिलं उत्तर अॅबट आणि वूड या दोन इंग्रज तज्ज्ञांच्या अहवालाचं. हा वूड वेगळा बरं का, १८५४चा नव्हे. ते म्हणाले, सर्वसाधारण शिक्षणाची जशी एक उतरंड आहे तशीच धंदेशिक्षणाची दुसरी उतरंड तिला समांतर उभी करा. दुसरं उत्तर आपल्या वर्ध्याचं. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी तिथे शिक्षण परिषद बोलावली आणि झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्यांचं म्हणणं, सात वर्षांचं शिक्षण मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफून द्या. टकळीवर सूत काततानाच मुलाला गणितही यावं आणि कापसाचा भूगोलही.

नई तालीमवर टीका झाली, आणि काही टीका रास्त होती. गरिबांच्या मुलांना सूत कातायला लावायचं आणि श्रीमंतांची मुलं इंग्रजी शाळेत जाणार, ही भीती खोटी नव्हती. पण तत्त्व म्हणून पाहिलं तर वर्ध्याचं उत्तर एका शिडीचं होतं आणि अॅबट-वूडचं दोन शिड्यांचं. स्वतंत्र भारताने भाषणात वर्धा घेतलं आणि कारभारात अॅबट-वूड.

१९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली, आयटीआय उभे राहिले. १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवारांचा कायदा झाला. १९६४ ते ६६ या काळात कोठारी आयोगाने प्रत्येक विद्यार्थ्याला कार्यानुभव द्या, असं सांगितलं. त्या आयोगाचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते, ज्यांनी गारगोटीला मौनी विद्यापीठ उभं केलं. त्या कार्यानुभवाचं शाळांत काय झालं, हे तुमच्यातल्या अनेकांना आठवत असेल. खडू बनवणं, शोभेची फुलं बनवणं, आणि शेवटी ग्रेड. १९८६च्या शैक्षणिक धोरणाने ठरवलं, की १९९० पर्यंत अकरावी-बारावीची दहा टक्के आणि १९९५ पर्यंत पंचवीस टक्के मुलं व्यवसाय शिक्षणाकडे वळतील. ते झालं नाही. १९९२ मध्ये मुदती पाच-पाच वर्षं पुढे ढकलल्या, तरीही झालं नाही. २०२०च्या धोरणात बाराव्या पंचवार्षिक योजनेचा एक आकडा उद्धृत केलेला आहे. १९ ते २४ वयोगटातल्या कामकऱ्यांपैकी औपचारिक धंदेशिक्षण मिळालेले भारतात पाच टक्क्यांहून कमी, जर्मनीत पंचाहत्तर टक्के, दक्षिण कोरियात शहाण्णव टक्के.

एक उदाहरण मात्र वेगळं सांगितलं पाहिजे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते 'कमवा आणि शिका' या पायावर. तिथे कुदळ धरणारा विद्यार्थी खालचा नव्हता, कारण शेजारचाही कुदळ धरत होता. या एका गोष्टीने केवढं ओझं उतरत असेल! तरी तिथेही श्रमातून शिक्षणाचा खर्च निघत होता, श्रम हा परीक्षेचा विषय झाला नव्हता. ती पायरी राहूनच गेली.

असा आपण १८५४ पासून आजपर्यंत आलो. दोन शिड्या उभ्या राहिल्या. मग लोकशाहीत स्वाभाविक प्रश्न आला, की एका शिडीवरच्याला दुसरीवर जायचं असेल तर? म्हणून मधे पूल टाकला. आयटीआय झालेल्याला पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश, डिप्लोमा झालेल्याला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. पूल टाकला हे चांगलंच झालं. त्यामुळे हजारो घरांत पहिला इंजिनिअर झाला. पण पूल टाकताना शिड्या तशाच ठेवल्या. पायऱ्यांची उंची वेगळी, भाषा वेगळी. ते अंतर भरून काढायचं काम कोणाकडे सोपवलं? त्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोराकडे.

काय होतं ते बघा. डिप्लोमाचा मुलगा थेट दुसऱ्या वर्षात येतो आणि त्याच्यासमोर एम-थ्री उभा राहतो. लाप्लास, फूरिए. बाकीच्यांनी अकरावी-बारावीला कॅल्क्युलस घोटलेलं, पहिल्या वर्षी एम-वन, एम-टू केलेलं. याने डिप्लोमात गणित केलं, पण वेगळ्या अंगाने आणि कमी खोलीत. वर्गातल्या मैत्र्या पहिल्या वर्षीच जुळलेल्या, हा मधेच येऊन मागच्या बाकावर. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या, तर तोवर सत्र सुरू होऊन गेलेलं. आयटीआय मराठीत झालेलं असेल, तर पुस्तकातला परिच्छेद दोनदा वाचावा लागतो, एकदा इंग्रजीसाठी आणि एकदा विषयासाठी. संध्याकाळी काम असेल तर तेवढाही वेळ नाही. मग केटी लागते. केटीचा अभ्यास आणि चालू सत्राचा अभ्यास एकदम. मग वायडी, म्हणजे वर्ष गेलं. घरी सांगायची सोय नाही, कारण घरच्यांच्या लेखी तो आधीच कमावता झालेला होता. पदवीसाठी त्याने पगार सोडलेला असतो.

हा झाला शीण, मास्लाकची पहिली गोष्ट. तो दिसतो, आणि बहुतेक उपाय तिथेच थांबतात. वेळापत्रक करा, झोप घ्या, समुपदेशकाला भेटा. समुपदेशकाला जरूर भेटावं, त्यात कमीपणा नाही. पण माझा मुद्दा तिसऱ्या गोष्टीचा आहे. 'मला जमत नाही' ही भावना या मुलांत येते कुठून? कारण त्यांना तर जमत होतं!

इथे माझ्या विषयाकडे येतो. अॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात ज्ञानाचे प्रकार सांगितले. एपिस्टेमे, म्हणजे सिद्ध करून दाखवता येणारं ज्ञान. टेक्ने, म्हणजे घडवण्याचं ज्ञान. फ्रोनेसिस, म्हणजे व्यवहारातलं शहाणपण. टेक्नेला तो सवय किंवा हातचलाखी मानत नाही. तीही विचारयुक्त आहे, असं तो म्हणतो. १९४९ मध्ये गिल्बर्ट राइलने 'द कन्सेप्ट ऑफ माइंड' या पुस्तकात दाखवलं, की एखादी गोष्ट करता येणं म्हणजे आधी मनात नियम म्हणणं आणि मग हाताने तो पाळणं असं नसतं. बुद्धी त्या करण्यातच असते.

हे मी वर्षानुवर्षं शिकवलं. एकदा टेक्ने शिकवून झाल्यावर तोच फिटर मुलगा तासानंतर आला. म्हणाला, "सर, कानस मारताना जॉब सपाट झालाय की नाही, ते हाताला आधी कळतं. गुण्या लावून आपण फक्त खात्री करतो. हे कुठल्या ज्ञानात बसतं?" इतका नेमका प्रश्न मला पुन्हा कोणी विचारला नाही. आणि मी काय उत्तर दिलं? हसून म्हणालो, "छान आहे, पण परीक्षेत हे लिहू नकोस."

मित्रहो, मी त्याला रागावलो नाही, हिणवलं नाही. फक्त एवढं सांगितलं, की तुला जे येतं ते इथे धरलं जाणार नाही. तेही टेक्नेच्या तासाला! तो वर्गात बसून का दमायचा, याचं उत्तर माझ्याकडेच होतं. दोन वर्षं खपून त्याने जी जाण कमावली, ती दारात काढून ठेवून रोज आत यायचं आणि जे येत नाही तेवढ्यावरच स्वतःला मोजून घ्यायचं. मग 'काय उपयोग याचा' ही तुच्छता आपोआप येते. ती उर्मटपणा नसते, स्वतःला वाचवण्याची धडपड असते.

फ्रान्समध्ये बूर्द्यू आणि पासरों यांनी १९६४ मध्ये विद्यार्थ्यांवर एक पुस्तक लिहिलं. त्याच्या नावाचा अर्थ 'वारसदार'. विद्यापीठात ज्याला आपण गुणवत्ता म्हणतो, तिच्यातला मोठा भाग घरातून वारशाने आलेला असतो, असं त्यांनी दाखवलं. बोलण्याची ढब, पुस्तकांची सवय, परीक्षकाला काय हवं याचा अंदाज. माझा फिटर वारसदार नव्हता. त्याच्याकडे कमाई होती, पण ते नाणं इथे चालत नव्हतं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. ताण सगळ्याच मुलांना आहे, यांचंच कौतुक का? आणि यांच्यासाठी पातळी खाली आणायची का? ताण सगळ्यांना आहे, मान्य. पण बारावी सायन्सच्या मुलाला आधी येत असलेल्या गोष्टीवर पुढचं रचायचं असतं, आणि याला सगळं पहिल्यापासून. पातळीचं म्हणाल, तर एक इंचही खाली आणू नका. एम-थ्री आलाच पाहिजे. पण ज्याने लेथवर प्रत्यक्ष जॉब काढला आहे, त्याला मोजमाप, चूक आणि सूक्ष्मता यांची जी जाण आहे, तिथून गणिताकडे वाट काढता येते. ती शिक्षकाने काढायची असते. सत्र सुरू होण्याआधी महिनाभर गणिताचा वर्ग घ्या. संज्ञा मराठी आणि इंग्रजी दोन्हीत द्या. वर्कशॉपच्या तासाला याच मुलांना इतरांना शिकवू द्या. बारावीहून आलेली मुलं तिथे अडतात आणि हे सहज करतात, हे एकदा वर्गाला दिसलं की मागचा बाक रिकामा होऊ लागतो.

सरकारनेही २०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा आणला. धंदेशिक्षणातलं शिकणं आणि विद्यापीठातलं शिकणं एकाच मापात मोजायचं, असा त्याचा हेतू. कागदावर एका शिडीची भाषा आली आहे, म्हणून मी त्याचं स्वागत करतो. पण श्रेयांक खात्यात जमा झाले म्हणजे वर्गात मान मिळाला, असं होत नाही. तो शिक्षकाच्या एका वाक्याने मिळतो आणि एका वाक्याने जातो. हे मी अनुभवाने सांगतो.

तुमच्यापैकी जे शिकवतात त्यांना एकच विनंती. सत्राच्या पहिल्या आठवड्यात वर्गात विचारा, की कोणाला हाताने काय करता येतं? आणि उत्तर आलं की ते फळ्यावर लिहा. मी तीस वर्षांत हा प्रश्न एकदाही विचारला नाही.

इथे थांबतो.